सीट सरकत नव्हती, तिथून सुरू झालं: जुन्या गाडीच्या आतल्या गंजाचं एक प्रकरण

काकांची गाडी सत्तरच्या दशकातली, चार दरवाज्यांची, बाहेरून बघाल तर अजून लोक वळून बघतात अशी. काका दर रविवारी न चुकता पाइप लावून धुतात, वर मऊ कापड फिरवतात. त्यांची तक्रार एवढीच होती, "ड्रायव्हरची सीट पुढे जात नाही रे, जरा ऑइल मारून दे." मी ऑइलचा डबा घेऊन गेलो, म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे. ते काम सात वीकेंड चाललं आणि त्यात एक हँडल माझ्या हातून कायमचं गेलं. काय केलं, काय चुकलं, कुठल्या पार्टला कुठली ट्रीटमेंट दिली हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण गंज काढायचा म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवायचं असं मलाही तेव्हा वाटायचं.

आधी सीट. लिव्हर उचललं की खटका सुटत होता, म्हणजे लॉक ठीक होतं, पण रेल, म्हणजे सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी, जागची हलत नव्हती. टॉर्च मारून बघितलं तर रेलच्या खाचेत जुनं ग्रीस, धूळ आणि गंजाचा चुरा मिळून चिक्कीसारखं कडक झालेलं. बोल्ट काढायला गेलो, पुढचे दोन निघाले, मागचे दोन ढिम्म. पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या आट्यांत शिरणारं पातळ तेल) मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी परत मारलं, आणि पाना लावल्यावर आधी जरासं आवळून मग सैल करायचं असं मागे-पुढे करत करत काढले. एकदम जोर लावला असता तर डोकं तुटलं असतं आणि मग ड्रिल करत बसावं लागलं असतं. गॅस टॉर्चने गरम करून पटकन निघतात हे माहीत आहे मला, पण आजूबाजूला कार्पेट, फोम आणि खाली डांबरी शीट (आवाज कमी करायला पत्र्यावर चिकटवलेली) असताना ज्योत काढायची नाही, पेट्रोलचा आणि ब्रेकचा पाइप फ्लोअरच्या खालूनच जातो हे तर विसरूच नका.

सीट बाहेर काढली आणि कार्पेटची कड उचलली. वरून कार्पेट कोरडं खटखटीत, त्यावर रबरी मॅट. खालचं जूटचं अंडरले मात्र पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. आणि त्याच्या खाली पत्र्यावर तपकिरी पापुद्रे, बोटाने उचलले तर पानासारखे सुटून येत होते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो असा फुगतो, वरचा रंग उचलतो, आणि त्या फटीत परत पाणी धरून ठेवतो. जूटचं अंडरले म्हणजे त्याला ओली पट्टीच बांधलेली.

हे बघितल्यावर काका म्हणाले, "अरे पण गाडी पावसात जातच नाही!" खरंच जात नाही. मग पाणी कुठलं? ते पुढे सांगतो, कारण ते मलाही तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळलं नव्हतं, आणि तोपर्यंत मी एक गाढवपणा करून बसलो होतो.

पहिल्याच शनिवारी उत्साहात मी निघतील तेवढे पार्ट काढले. सीटचे ब्रॅकेट, काच वर-खाली करायची हँडलं, ग्लोव्हबॉक्सची बिजागरी, अॅशट्रे, स्पीकरची जाळी, सगळे स्क्रू. एक मोठा प्लॅस्टिकचा टब घेतला, त्यात साधं पांढरं व्हिनेगर ओतलं आणि सगळं एकत्र सोडून दिलं. सकाळी बघतो तर ब्रॅकेट छान काळपट-करडे झालेले, गंज चिखलासारखा सुटत होता, मी खूश. आणि मग ते हँडल दिसलं. टबच्या तळाशी त्याच्यातून बारीक बारीक बुडबुडे अजून येतच होते, सोड्याच्या बाटलीसारखे. बाहेर काढलं तर क्रोमचा पापुद्रा एका बाजूने फुगून उचललेला आणि आतला धातू खडबडीत, राखेच्या रंगाचा. लोखंड नव्हतंच ते. जस्ताचं डायकास्ट, म्हणजे वितळलेलं जस्त साच्यात दाबून ओतलेलं, त्यावर तांबं, निकेल आणि वर क्रोमचा अगदी पातळ थर. जस्ताला अॅसिड म्हणजे मेजवानी. हँडलवर जो 'गंज' मला दिसत होता तो खरं तर मधल्या स्टीलच्या स्क्रूचा ओघळ होता, हँडल स्वतः तसं बरं होतं, ते मी मारलं.

वर अजून एक. टब मी झाकला नव्हता आणि जागा बंद होती. त्याच रात्रीत बाजूच्या फळीवरच्या माझ्या स्वच्छ पान्यांवर आणि पकडीवर पिवळसर गंजाची झाक आली. व्हिनेगरची वाफ उघड्या लोखंडाला लागली की असंच होतं. तेव्हापासून व्हिनेगर वापरायचंच झालं तर झाकण लावून आणि बाहेर.

दुसऱ्या शनिवारी मग शहाण्यासारखं बसलो, एक चुंबक घेतलं आणि प्रत्येक पार्टला लावून बघितलं. चुंबक टक्कन जोरात बसलं तर स्टील. अजिबात चिकटलं नाही तर जस्त, अॅल्युमिनियम किंवा पितळ. आणि हलकंसं ओढ घेतल्यासारखं वाटलं तर सावध व्हायचं, कारण निकेलच्या थरालाही चुंबक थोडं ओढतं, आणि काही डायकास्ट हँडलच्या आत स्टीलची बुशिंग, म्हणजे भोकात बसवलेली नळी, असते. डोळ्यांनीही कळतं बऱ्यापैकी: स्टील लालसर-तपकिरी गंजतं, जस्तावर पांढरी भुकटी आणि फोड येतात. दरवाज्याच्या उंबऱ्याची पट्टी अॅल्युमिनियमची निघाली, ती तर धुण्याच्या सोड्यातही खराब होते, म्हणून ती फक्त साबणाने धुतली.

स्क्रूंमध्ये काही सोनेरी-पिवळट चमक असलेले होते. जुन्या गाड्यांत असे स्क्रू जस्ताचे किंवा कॅडमियमचे प्लेटिंग केलेले असू शकतात, आणि कॅडमियमची धूळ विषारी आहे. वायर ब्रश लावून उडवायची गोष्टच नाही. जे बरे होते ते ऑइलच्या फडक्याने पुसून परत लावले, बाकीचे बदलले. स्क्रूसाठी तासन् तास घालवणारे लोक असतात, मी नाही.

आता ट्रीटमेंट. साध्या स्टीलचे छोटे पार्ट, म्हणजे ब्रॅकेट, बिजागरी, पेडलचे दांडे, यांना सायट्रिक अॅसिड. १ लिटर पाण्याला ८० ग्रॅम, पाणी हात घालवेल इतकं गरम. हे व्हिनेगरपेक्षा स्वस्तात पडतं, वास नाही आणि कामही लवकर होतं. आधी सगळं डिशवॉशच्या साबणाने धुऊन ग्रीस काढायचं, नाहीतर जिथे तेलकट आहे तिथे अॅसिड पोचतच नाही आणि पार्टवर बेटं राहतात. चार तासांनी काढायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, राहिलं असेल तर परत टाकायचं. रात्रभर विसरून झोपायचं नाही, गंज संपला की अॅसिड चांगल्या लोखंडाला लागतं.

बाहेर काढल्यावरचे पहिले दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाचे आहेत आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं. अॅसिडमधून निघालेलं लोखंड एकदम उघडं असतं, नळाखाली धरून बाजूला ठेवलंत आणि फोन आला तर परत येईपर्यंत त्यावर हळद भुरभुरल्यासारखा नवा गंज आलेला असतो. माझे पहिले दोन ब्रॅकेट असेच गेले. मग क्रम बसवला: एक बादली खायच्या सोड्याच्या पाण्याची, त्यात बुडवून काढायचं, मग गरम पाण्याने धुवायचं, फडक्याने पुसायचं आणि लगेच हीट गनने भोकांतलं, घड्यांतलं पाणी उडवायचं, पार्ट हाताला गरम लागेपर्यंत. गार झाला की त्याच दिवशी प्रायमर. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर निदान पातळ ऑइल लावून ठेवा आणि रंगायच्या आधी ते थिनरने पूर्ण काढा.

रेल लांब होत्या, बादलीत मावत नव्हत्या, आणि खाचेच्या आत ब्रश जात नव्हता. त्यासाठी इलेक्ट्रोलिसिस केलं, म्हणजे सोड्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडून गंज काढणं. लांबट प्लॅस्टिकचं झाडांचं कुंडं, खालची भोकं बुजवलेली, ४ लिटर पाण्याला १ मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह क्लिप रेलला, पॉझिटिव्ह एका भंगारातल्या साध्या लोखंडी सळईला. हे उलटं लावलंत तर तुमची रेल खाल्ली जाईल आणि सळई स्वच्छ होईल, म्हणून चालू करायच्या आधी दोनदा बघायचं. सळई स्टेनलेसची नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात येतात. माझा नवा स्मार्ट चार्जर चालूच होईना, कारण त्याला समोर बॅटरी दिसत नव्हती. काकांचा जुना, ट्रान्सफॉर्मरवाला, जड दगडासारखा चार्जर काढला, तो बिचारा निमूट चालला.

संध्याकाळी बघितलं तर रेलची बाहेरची बाजू साफ आणि खाचेची आतली बाजू जशीच्या तशी. ही पद्धत सळईच्या समोर जे दिसतं तिथेच नीट काम करते, आडोशाला नाही. मग सळईला दोन टोकांना रबराच्या नळीचे तुकडे चढवले, म्हणजे ती रेलला टेकणार नाही, आणि ती सरळ खाचेच्या आतून ओवली. टेकली तर शॉर्ट, म्हणून रबर. अजून सहा तास. पाण्यावर तपकिरी फेस आला होता, त्यात हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं आणि क्लिप काढायच्या आधी चार्जर बंद करायचा, ठिणगी नको. रेल बाहेर आली ती काळी, वरचा काळा थर ब्रशने नळाखाली काजळीसारखा वाहून गेला आणि खाली कारखान्यात मारलेला नंबर दिसायला लागला. इतक्या वर्षांत तो कोणी बघितला नसेल. रेलच्या सरकत्या भागात रंग मारला नाही, तिथे फक्त पातळ ग्रीस, रंग मारला की परत अडकते.

सीटच्या आतल्या स्प्रिंगांना मात्र अॅसिड नाही आणि इलेक्ट्रोलिसिस पण नाही. दोन्हीत हायड्रोजन तयार होतो, तो कडक स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होतं. दिसायला चकचकीत स्प्रिंग आणि एक दिवस बसल्यावर कट्! तेच हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या कडक स्टीलच्या, बोल्टचं. स्प्रिंगा मी मास्क लावून हाताने वायर ब्रशने घासल्या, फार कंटाळवाणं काम, एका सीटला अख्खी दुपार गेली. घासून झाल्यावर रंग नाही, कारण स्प्रिंग हलते आणि रंग तडकतो, मेणासारखं राहणारं रस्ट प्रूफिंग पातळ मारलं आणि दोन दिवस वाळू दिलं. ते नीट वाळलं नाही तर सीटच्या कापडाला डाग पडतो.

स्पीकरची जाळी आणि अॅशट्रेचं झाकण स्टीलवर क्रोम होतं, त्यावर गंजाचे बारीक ठिपके. इथे अॅसिडची गरजच नाही. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही आणि ठिपके निघतात. लोखंडी स्टील वूल वापरणारे खूप आहेत, पण त्याचे तुकडे तुटून जाळीत अडकतात आणि महिन्याभरात तेच गंजतात, मग वाटतं गंज परत आला. एक खरं सांगतो, हे ठिपके कायमचे जात नाहीत. क्रोमच्या थराला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, गंज त्यातून खालच्या स्टीलचा येतो. मेण घासून ठेवलं तर बरेच महिने थांबतो, पूर्ण थांबवायचं तर नव्याने प्लेटिंग.

आता फ्लोअर आणि पाणी.

तिसऱ्या रविवारी मी आत बसून डांबरी शीट ठोकून बघत होतो. जिथे ठणठणीत चिकटलेली तिथे सोडून द्यायची, जिथे पोकळ आवाज येतो तिथे उचलायची, कारण खाली गंज असतो. काका बाहेर नेहमीप्रमाणे गाडी धुवायला लागले. मी म्हटलं थांबा, आत सगळं उघडं आहे, पण तोपर्यंत त्यांनी पुढच्या काचेच्या खाली पाइप धरला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर डॅशबोर्डखालून हीटरच्या बाजूने पाण्याची धार सुरू झाली. बारीकशी, पेन्सिलीएवढी, सरळ ड्रायव्हरच्या पायाशी. दोघंही गप्प.

काचेच्या खाली जी जाळी असते तिच्या आत एक खोलगट जागा असते, हवा आत घ्यायला, आणि पाणी बाहेर जायला तिला ड्रेन असतात. तिथे हात घातला तर मूठभर कुजलेली पानं आणि चिखल. ड्रेन बुजलेले, पाणी भरायचं आणि हीटरच्या तोंडातून आत उतरायचं. म्हणजे गाडी पावसात कधीच नेली नाही, पण दर रविवारी तिला आतून आंघोळ होत होती. काका त्या दिवशी जेवलेच नाहीत धड, मला फार वाईट वाटलं. इतकं जपून जपून.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या: आतला ओलावा चिकट असेल आणि गोडसर वास असेल तर ते पाणी नाही, हीटरच्या रेडिएटरमधून गळणारं कूलंट आहे. आमच्याकडे तसं नव्हतं. ड्रेन साफ केले, मग काचेचं रबर आणि दरवाज्यांच्या कडा एकेक करून पाणी टाकून बघितल्या, आत कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवली, पाणी कुठून वाहत येतं त्याची रेघ पावडरमध्ये उमटते. मागच्या एका दरवाज्याच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटला होता, तिथूनही थोडं येत होतं, तो नवीन चिकटवला.

फ्लोअरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबत गेलो. दोन ठिकाणी टोक आरपार गेलं. आणि डाव्या बाजूच्या सीटबेल्टच्या बोल्टभोवती पापुद्रे निघाले. तिथे मी हात थांबवला. सीटबेल्ट जिथे धरला जातो ती जागा घासून, पुट्टी भरून, रंग मारून सोडायची नाही, तिथला सडका पत्रा कापून नवीन वेल्ड व्हायलाच पाहिजे, आणि ते मी बाहेरून करून घेतलं, बॅटरी काढून आणि आतलं सगळं पेटणारं बाहेर काढून. बेल्टचे बोल्ट नवीन टाकले, योग्य ग्रेडचे. बेल्टच्या पट्टीला यातलं कुठलंच केमिकल लागू द्यायचं नाही, अॅसिडने धागा कमजोर होतो आणि बघून कळत नाही.

बाकीच्या पत्र्यावर वरवरचा गंज होता. इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासलं नाही, पाणी मारत पॉलिश पेपर. मग फॉस्फोरिक अॅसिडचं पातळ द्रावण ब्रशने, ते गंजाचं फॉस्फेट करतं, लेबलवर दिलेल्या वेळेनंतर धुऊन पूर्ण सुकवलं, वर दोन कोट इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर (पत्र्याच्या जोडांतून पाणी जाऊ नये म्हणून लावायची पेस्ट), मग रंग. अॅसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही, त्यामुळे धुण्यात आळस नको. आणि जिथे वायरिंगचं अर्थिंग पत्र्याला बोल्टने जोडलंय ती रुपयाएवढी जागा टेप लावून रंगाविना ठेवायची. मी एक विसरलो, मग पेट्रोलचा काटा नाचायला लागला, शोधायला अर्धा दिवस गेला.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल विचारलंच जातं, तो टॅनिक अॅसिडचा, लावला की गंज काळा होतो तो. वाईट नाही. ब्रश न पोचणाऱ्या कोपऱ्यात मीही लावला. पण लोक काळं झालं की काम झालं समजतात, आणि खाली सुटे पापुद्रे तसेच असतात, ते पापुद्रे एक दिवस कन्व्हर्टरसकट उठतात. आणि स्वच्छ लोखंडावर तो लावून काही होत नाही, त्याला काम करायला गंजच लागतो.

हँडल मी दुसऱ्या जुन्या गाडीतून निघालेलं आणलं, जवळपास तसंच आहे, काकांना फरक कळतो, बोलत नाहीत. सीट आता एका बोटाने सरकते. काकांनी ती दोनदा पुढे-मागे करून बघितली आणि परत होती त्याच खटक्यावर आणून ठेवली, पाय तिथेच बसतात म्हणे.

जूटचं अंडरले फेकून दिलं, नवीन टाकलं ते पाणी न शोषणारं. कार्पेट अजून चिकटवलेलं नाही, नुसतं पसरलंय. त्याच्या खाली चार कोपऱ्यांत घडी घातलेले वर्तमानपत्राचे कागद ठेवलेत आणि दर धुण्यानंतर काढून बघतोय. तीन कोपरे सलग पाच वेळा कोरडे. चौथ्या, ड्रायव्हरच्या पायाच्या उजव्या कोपऱ्यातल्या कागदावर मागच्या वेळी पुसट तपकिरी कड आली होती. बहुतेक काचेच्या रबराचा खालचा कोपरा, पुढच्या रविवारी परत पावडर टाकून बघायचं ठरलंय.